ड्रॅगन एज २ : मार्च एंडिंगला उरकलेला गेम?

कोपऱ्यातला_पीसी

दिवाळीच्या सुट्टीत जुनी हार्ड डिस्क साफ करताना 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'चा सेव्ह सापडला. मग काय, चकल्यांचा डबा शेजारी घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. साठेक तासांनी तो संपला आणि त्याच झोकात भाग दुसरा लावला. २०११ मध्ये मी तो अर्धवट सोडला होता. म्हटलं तेव्हा आपलं वय लहान, डोकं गरम, आता शांतपणे बघू.

चौथ्या गुहेत डोकं परत गरम झालं.

ज्यांनी खेळले नाहीत त्यांच्यासाठी: ओरिजिन्सची घोषणा २००४ ची, गेम आला नोव्हेंबर २००९ मध्ये. सहा वेगवेगळ्या सुरुवाती. तुम्ही उमराव घरातले की जंगलातले एल्फ की जमिनीखालचे बुटके, त्यावर पहिले दोन तास पूर्ण वेगळे आणि पुढे लोक तुमच्याशी बोलतातही वेगळे. भाग दुसरा आला ८ मार्च २०११ ला. बोटं मोजा, सोळा महिने. मधेच मार्च २०१० मध्ये 'अवेकनिंग' नावाचं चांगलं जाडजूड एक्स्पान्शनही (मूळ गेमला जोडायचा नवा भाग) येऊन गेलं, म्हणजे तेवढी माणसं तिकडे अडकलेली.

सोळा महिन्यांत काय मिळालं? एक शहर, कर्कवॉल. बाहेर एक डोंगर, एक समुद्रकिनारा. आणि एक गुहा. हो, एकच. काम कुठलंही घ्या, 'हरवलेल्या माणसाला शोध', 'डाकूंचा अड्डा उडव', तुम्हाला तीच गुहा मिळणार. कधी मागच्या दाराने आत सोडतात, कधी मधल्या दारावर दगडी पाटी लावून अर्धी बंद करतात. कहर म्हणजे कोपऱ्यातल्या नकाशात बंद केलेला भागसुद्धा दिसतो! म्हणजे नकाशा बदलायलाही कुणाला वेळ मिळाला नाही.

माझं मत सरळ आहे. पहिला भाग चालला, गेम विकणाऱ्या ईए कंपनीने म्हटलं लोखंड तापलंय तोवर हाणा, आणि ज्यांनी तो बनवला त्या बायोवेअरकडून घाईघाईत दुसरा उरकून घेतला. पैशासाठी. तुम्हाला काय वाटतं?

लोडशेडिंग

८ मार्च? आमच्या गल्लीत पण मार्चमध्येच डांबर पडतं. मे मध्ये खडी वर येते.

बंड्या_दुसरा

खुर्ची ओढून बसलोय. कर्कवॉलकरीण कुठंय? तिला कुणीतरी कळवा रे.

ताळेबंद

लोडशेडिंग गमतीत म्हणाले, पण ते बरोबर आहे. ईएचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच ३१ मार्चला संपतं. ८ मार्चला गेम दुकानात म्हणजे वर्षाअखेरीला तीन आठवडे हातात. एप्रिलमध्ये आणला असता तर तो पुढच्या वर्षाच्या वहीत गेला असता. महसूल नक्की कधी धरायचा याचे नियम किचकट आहेत, त्यात शिरत नाही, पण शेअर बाजाराला 'या वर्षी इतकं करू' असं सांगून बसलेल्या कंपनीला मार्चचा दुसरा आठवडा आणि एप्रिलचा दुसरा आठवडा यांत किती अंतर वाटतं ते मला विचारा. मी दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये अशिलांचे चेहरे बघतो.

मात्र 'पैशासाठी केला' हा आरोप मला अर्धवट वाटतो. ओरिजिन्स काय धर्मादाय होता का? फरक इतकाच की पहिल्यात पाच-सहा वर्षं भांडवल अडकून पडलेलं चाललं आणि दुसऱ्यात सोळा महिनेही जड झाले. हे का झालं ते विचारा.

कोपऱ्यातला_पीसी

@ताळेबंद, त्याचं उत्तर मधल्या काळात आहे ना. ईएने बायोवेअर विकत घेतल्याची घोषणा ऑक्टोबर २००७ ची. ओरिजिन्सचं बहुतेक काम जुन्या घरात झालं, दुसरा भाग पहिल्यापासून सासरी.

कर्कवॉलकरीण

आले. बंड्या, मेसेज पोचला.

पहिल्यांदाच सांगते, गुहेवर वाद नाही. गुहा वाईट आहे. दुसऱ्या लढाईत जिंकलो म्हणून श्वास सोडावा तर छपरावरून अजून सहा जण टपाटप खाली पडतात, तेही वाईट आहे. कुठून येतात? छपरावर यांचं काय काम? कर्कवॉलमध्ये घरभाडं परवडत नसेल म्हणून राहत असतील.

पण हा गेम 'निराशाजनक' या एका शब्दात गुंडाळायचा असेल तर मी भांडणार. ओरिजिन्सची गोष्ट काय आहे? जगावर संकट, निवडलेला वीर, फौज जमव, राक्षस मार. हजार वेळा सांगून झालेली. भाग दुसऱ्यात हॉक हा निर्वासित आहे. बोटीतून आईला आणि भावंडाला घेऊन परक्या शहरात येतो, शहरात शिरायला लाच द्यावी लागते, मामाने घर जुगारात घालवलेलं असतं. हा वीर जग वाचवत नाही. घर सांभाळायला बघतो आणि एकेक माणूस हातचं जातं. दुसऱ्या अंकातलं आईचं प्रकरण ज्यांनी खेळलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मी त्या रात्री गेम बंद करून साडेबाराला आईला फोन केला होता. ती घाबरली, काय झालं म्हणून.

आणि अरिशॉक, तो परक्या फौजेचा सेनापती! शहरात तीन वर्षं नुसता बसून राहिलेला, कुणालाच नको असलेला पाहुणा. तो शहराकडे बघून किळसतो आणि दर वेळी त्याचं बोलणं ऐकताना आपल्याला वाटतं, अरे, याचं चुकतंय कुठे? असा खलनायक ओरिजिन्समध्ये नाही. तिथे शेवटी एक मोठा ड्रॅगन आहे. नावात लिहिलेलंच होतं.

आणि पीसी, तू ओरिजिन्सचं इतकं कौतुक करतोस, तर 'फेड'मधला तो स्वप्नातला भाग तुला आवडला का खरं सांग. लोकांनी तो टाळता यावा म्हणून खास मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल) बनवला. पाच वर्षं घालवून बनवलेला भाग, आणि चाहते म्हणाले वगळायची सोय द्या.

बंड्या_दुसरा

पैसे वसूल.

कोपऱ्यातला_पीसी

फेडबद्दल शरणागती. तो मॉड मी याही वेळी टाकला होता.

चहा_बिनसाखर

धाग्याचा मूळ मुद्दाच मला पटत नाही. 'कमी वेळ म्हणजे वाईट गेम' हे समीकरण कुठून आलं? 'फॉलआउट: न्यू व्हेगस' घ्या. ऑक्टोबर २०१०, म्हणजे ड्रॅगन एज २ च्या पाच महिने आधी. बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला साधारण दीड वर्ष मिळालं. इंजिन फॉलआउट ३ चं, खुर्च्या-टेबलं-बंदुका बऱ्याचशा त्याच. आज विचारा, लोक फॉलआउट ३ च्या वर न्यू व्हेगसलाच बसवतात.

दुसरं, 'मेजोराज मास्क'. १९९८ च्या 'ऑकारिना ऑफ टाइम'नंतर निन्टेंडोने दीड वर्षाच्या आत, एप्रिल २००० मध्ये जपानात आणला. पात्रांची मॉडेल्ससुद्धा आधीच्याच गेममधली उचललेली. आणि उलट बाजूचं उदाहरण हवं तर 'ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर'. घोषणा १९९७, गेम जून २०११, ड्रॅगन एज २ नंतर तीनच महिन्यांनी! चौदा वर्षं मुरवलेलं लोणचं. बरणी उघडली तर बुरशी.

वेळेचा काही संबंध नाही. काय करायचं ते ठाऊक हवं.

लोडशेडिंग

ड्यूक न्यूकेमची वाट बघत असताना माझी दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, एक केटी आणि लग्न झालं.

निळा_दगड

न्यू व्हेगस पहिल्या दिवशी किती बंद पडायचा ते विसरलात का चहावाले? मी तो घेतला होता. दर पाऊण तासाला डेस्कटॉपचं दर्शन. आज चांगला वाटतो कारण नंतर डागडुजी झाली आणि चाहत्यांनी पॅच केला. आणि त्या गेमचाच तो किस्सा आहे ना, मेटाक्रिटिकवर (परीक्षणांचे गुण एकत्र करणारी साइट) ८५ पडले तर बोनस असा करार, आणि पडले ८४. घाईची किंमत कुणी मोजली? ज्यांनी कष्ट केले त्यांनीच.

रात्रपाळी

एरवी मी वाचनमात्र, पण यावर लिहितो. चार वर्षं पुण्यात एका गेम टेस्टिंगच्या कंपनीत होतो. कंपनीचं नाव, गेमचं नाव विचारू नका, सह्या केलेल्या आहेत.

घाई बाहेरून जशी दिसते तशी आतून दिसत नाही. बाहेरून वाटतं कुणीतरी साहेब आला आणि म्हणाला, 'चला, उरका.' आत असं काही घडत नाही. आमच्याकडे बगला, म्हणजे गेममधल्या चुकांना, ए, बी, सी असे दर्जे असायचे. ए म्हणजे गेम बंद पडतो किंवा सेव्ह जातो. बी म्हणजे खेळता येतो पण लाज वाटावी असं काहीतरी. सी म्हणजे दिसायला वाईट, खांबात हात घुसतोय वगैरे. पहिले सहा महिने सी सुद्धा दुरुस्त होऊन यायचे. तारीख दोन महिन्यांवर आली की एक दिवस बैठक व्हायची आणि दुसऱ्या दिवशी यादी उघडली की काल बी असलेले चाळीस बग आज सी. बग तोच, अक्षर बदललेलं. शेवटच्या तीन आठवड्यांत ए चे बी व्हायला लागले की आम्ही समजायचो.

एका सीक्वेलवर मी लिहिलेला बग होता की अमुक खोली आणि तमुक खोली हुबेहूब सारखी आहे, टेबलावरचा पेलासुद्धा त्याच कोनात. उत्तर आलं, 'हे असंच ठेवायचं आहे.' टेस्टरला हे वाक्य तोंडपाठ असतं.

आणखी एक, लोक तारखेपासून मागे मोजतात तिथेच चुकतात. डिस्कचा जमाना होता. कन्सोलवाल्यांची तपासणी पास व्हायची, मग डिस्क छापायच्या, डब्यात भरायच्या, जगभर पोचवायच्या. ८ मार्चला दुकानात हवा तर काम त्याच्या कितीतरी आठवडे आधी थांबलेलं असतं. सुरुवातीचे काही महिने 'काय बनवायचं' यात जातात. सोळातून हे वजा करा. नकाशातली ती गुहा का दुरुस्त झाली नसेल? माझ्या अंदाजाने कुणीतरी तो बग नक्की लिहिला होता. सी मध्ये.

ताळेबंद

रात्रपाळी, अक्षर बदलण्याचा प्रकार आमच्याकडेही होतो हो. बुडीत कर्जाचं 'संशयित' होतं.

कोपऱ्यातला_पीसी

@रात्रपाळी, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हावा इतका चांगला आहे. पेला त्याच कोनात!

सुपारी_कातर

मी गेम खेळत नाही. नातू खेळतो, मी मागे बसून बघतो, तेवढाच संबंध. पण इथली भांडणं वाचायला मजा येते.

एक भाबडी शंका. एकच गुहा परत वापरली तर एवढं काय बिघडलं? आयुष्यभर नाटकं बघितली. तीन अंक, एक दिवाणखाना. पडदा उघडला की डावीकडे जिना, उजवीकडे स्वयंपाकघरात जाणारं दार, मधे सोफा. त्या सोफ्यावर लग्नं ठरली, मोडली, माणसं वारली. कुणी म्हटलं नाही की निर्मात्याने पैसे वाचवले.

लोडशेडिंग

काका, हल्लीच्या मालिकांत तर सगळ्या गावांना एकच बंगला असतो. हिरोचा, व्हिलनचा, आणि मधल्या भागात हॉस्पिटल पण तोच.

कर्कवॉलकरीण

सुपारी काका!!! एकही गेम न खेळता तुम्ही माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडलीत. ड्रॅगन एज २ खरंच तीन अंकी आहे. गेममध्येच पहिला अंक, दुसरा अंक असं लिहून येतं. एकच शहर, तीच माणसं, मधे वर्षं जातात. व्हॅरिक नावाचा एक बुटका सगळी गोष्ट चौकशीला आलेल्या बाईला सांगतोय, त्यात वाटेल तिथे थापा मारतोय. सूत्रधारच म्हणा. एका प्रसंगात तो एकटा शंभर जणांना लोळवतो आणि ती बाई म्हणते, खरं सांग.

सुपारी_कातर

थांब पोरी, मला पूर्ण करू दे. मी शंका विचारली, बाजू घेतली नाही.

दिवाणखाना चालतो कारण तो दिवाणखानाच आहे असं नाटक कबूल करतं. दुसऱ्या अंकात पडदा उघडतो तेव्हा कॅलेंडर बदललेलं असतं, सोफ्याचं कव्हर विटलेलं असतं, आजोबांचा फोटो भिंतीवर गेलेला असतो. प्रेक्षक ते शोधतो, त्यातच गंमत. पण त्याच सोफ्यावर बसून पात्र म्हणालं, 'वा, महाबळेश्वरचं घर छान आहे हो तुमचं', तर पिटातला माणूस मोठ्याने हसणार. तुमची गुहा महाबळेश्वर आहे का दिवाणखाना, एवढं सांगा.

कोपऱ्यातला_पीसी

महाबळेश्वर. शंभर टक्के महाबळेश्वर. दर वेळी वेगळं नाव देतात गुहेला.

चहा_बिनसाखर

दंडवत घ्या काका. मेजोराज मास्क का चालला ते मला पंचवीस वर्षांत असं सांगता आलं नव्हतं. तिथे तीन दिवसांनी चंद्र आदळतो आणि तेच तीन दिवस परत सुरू होतात. तेच गाव, तोच पोस्टमन, त्याच वेळेला त्याच गल्लीत. पण गेम स्वतःच म्हणतो की हे तेच आहे. जुनी मॉडेल्स वापरायची होती, तर गोष्टच अशी रचली की ओळखीचे चेहरे अनोळखी वाटावेत.

निळा_दगड

म्हणजे दिवाणखाना कर्कवॉल आणि महाबळेश्वर गुहा. एकाच गेममध्ये दोन्ही. मग कर्कवॉल तरी चांगला दिवाणखाना आहे का? कॅलेंडर बदलतं का? मला आठवतंय त्याप्रमाणे नाही. बाजारातला माणूस पहिल्या अंकात जिथे उभा तिथेच तिसऱ्यात. खालच्या वस्तीतली पोती तीच. दहा वर्षांत एक पोतं कुणी हलवलं नाही?

लोडशेडिंग

आमच्या सोसायटीच्या गेटसमोरचा विटांचा ढिगारा माझ्या मुलीपेक्षा मोठा आहे. ती यंदा तिसरीत गेली. मला कर्कवॉल अत्यंत वास्तववादी वाटतंय.

शंकासुर_९६

दहा वर्षं नाहीत हो. जाहिरातीत दहा. पहिला अंक सुरू होतो एक वर्षानंतर, मग तीन, मग तीन, झाली सात. उरलेली तीन व्हॅरिकच्या चौकशीपर्यंतची, ती आपण खेळतच नाही. धाग्याचं नाव 'तीन वर्षं कुणी खाल्ली' असं करा.

कर्कवॉलकरीण

निळा दगड, हे मात्र लागलं. खरं आहे. घर बदलतं, खालच्या वस्तीतून वरच्या वाड्यात जातो आपण, माणसांची आयुष्यं बदलतात. हॉकची सोबतीण मेरिल, तिच्या घरात तो आरसा येतो. दुसरी सोबतीण एव्हलिन पहारेकऱ्यांची कप्तान होते, आणि तिचं ते लग्न जमवण्याचं प्रकरण, हवालदाराला तांब्याची झेंडूची फुलं भेट पाठवते ते! पण शहर स्वतः बदलत नाही. त्यांना बदलायचं असणार हे दिसतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी एवढा हल्ला होतो, तिसऱ्यात भिंतीला साधी भेगसुद्धा नाही.

म्हणजे मी पण रडत होतेच की इतकी वर्षं. फक्त वेगळ्या गोष्टीसाठी.

अवांतरप्रेमी

अवांतर: २००९-१० मध्ये हे गेम तुम्ही लोक चालवत कशावर होतात? माझ्याकडे घरच्या पीसीत ग्राफिक्स कार्ड नव्हतं. लॅमिंग्टन रोडला जाऊन जुनं कार्ड आणलं, तर कॅबिनेटमध्ये बसेना. शेवटी कॅबिनेटचं एक कडं वाकवून बसवलं आणि बाजूची पत्र्याची बाजू कायमची काढून ठेवली. उन्हाळ्यात टेबल फॅन थेट मदरबोर्डवर. ओरिजिन्समधल्या ओस्टागरच्या लढाईचा शेवट मी फॅनच्या घरघरीत बघितलाय. राजा काय म्हणाला ते अजून माहीत नाही.

बंड्या_दुसरा

माझ्याकडे मोठ्या भावाने 'हा घे ओरिजनल' म्हणून दिलेली डिस्क होती. त्यावर मार्करने लिहिलं होतं, 'ओरिजनल'.

शंकासुर_९६

ओरिजिन्सच लिहिलं असेल त्याने.

एडमंटनची_थंडी

उशिरा आलो, माफी. सात वर्षं कॅनडात एडमंटनला राहतोय, बायोवेअरचं गाव. कंपनीशी माझा संबंध नाही, मी पाइपलाइनवाला. पण इथे या कंपनीचा अभिमान आहे लोकांना. १९९५ मध्ये इथल्याच विद्यापीठातून बाहेर पडलेल्या डॉक्टरांनी सुरू केलेली. रे म्युझिका आणि ग्रेग झेस्चुक दोघेही एमडी. २०१२ मध्ये दोघांनी एकाच वेळी कंपनी सोडली.

मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र घरातूनच मिळालेलं आहे, आश्चर्य वाटतं की इथे कुणी लिहिलं नाही. मार्क डॅरा या मालिकेचा कार्यकारी निर्माता होता. बायोवेअर सोडल्यावर त्याने यूट्यूबवर स्वतः सगळं सांगितलंय. हा गेम मुळात ओरिजिन्सचं पुढचं एक्स्पान्शन म्हणून चालू होता. त्याच वेळी बायोवेअरच्या ऑस्टिनच्या स्टुडिओत 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक' बनत होता, प्रचंड मोठा ऑनलाइन गेम. तो लांबला (शेवटी आला डिसेंबर २०११ मध्ये). त्यामुळे त्या आर्थिक वर्षात खड्डा पडला. तो खड्डा बुजवायला एक्स्पान्शनचा भाग दुसरा झाला.

लोडशेडिंग

खड्डा बुजवायला!!! मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हटलं होतं? डांबर! माझा सत्कार करा.

ताळेबंद

शाल तुमची, नारळ माझ्याकडून.

गंमत बाजूला. यामुळे माझा आधीचा प्रश्न सुटला. मी विचारत होतो पाच वर्षं चाललेल्या घराला सोळा महिने का जड झाले. म्हणजे पीसी म्हणतात तसं 'ओरिजिन्स चालला, लोखंड तापलंय' असं नव्हतं. दुसऱ्याच कुणाचा गेम रखडला आणि हप्ता याच्या खात्यातून गेला. हे मी धंद्यात नेहमी बघतो. थोरल्याचं दुकान चालेना म्हणून धाकट्याचं शिक्षण आटोपतं घेतात.

निळा_दगड

आणि धाकटा पुढे नापास झाला की 'याला डोकंच नव्हतं' म्हणायला सगळे मोकळे.

चहा_बिनसाखर

माझं विधान थोडं मागे घेतो. न्यू व्हेगसवाल्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की दीड वर्ष आहे, इंजिन दुसऱ्याचं आहे, यात बसेल ते करायचं. इथे एक्स्पान्शनचं माप घेऊन शिवायला घेतलेला सदरा मधेच म्हणाले शेरवानी करा. कापड तेवढंच.

रात्रपाळी

@चहा_बिनसाखर, कापड तेवढंच असलं की बाही उसवून कॉलर करतात. एकच गुहा चौदा वेळा का, त्याचं हेच उत्तर. लेखकांनी प्रसंग लिहून ठेवलेले असतात, आवाज रेकॉर्ड झालेले असतात. प्रसंग कापला तर तो सगळा खर्च वाया, जागा परत वापरली तर फुकट. टेबलावर बसून हा निर्णय बरोबरच वाटतो. खेळणाऱ्याला नवव्या वेळी कळतं.

कोपऱ्यातला_पीसी

म्हणजे कर्कवॉलकरणीला जे आवडतं ते सगळं वाचलं (लिखाण, आवाज, माणसं) आणि मला जे खुपतं ते सगळं त्यासाठी बळी गेलं. गुहेने अरिशॉकला वाचवलं, असं म्हणायचं का?

कर्कवॉलकरीण

हे मी फ्रेम करून लावणार आहे.

हिशोबी_मांजर

पण पैसे मिळाले का हो त्यांना? धाग्याचा प्रश्न 'पैशासाठी' असा आहे आणि नफ्याबद्दल कुणीच बोलत नाही.

एडमंटनची_थंडी

सुरुवातीला तरी मिळाले. दोन आठवडे व्हायच्या आत दहा लाख प्रती गेल्याचं ईएने सांगितलं, ओरिजिन्सपेक्षा जलद. पण तो ओरिजिन्सचा पुण्यसंचय म्हणायचा, लोकांनी पहिल्या भागाकडे बघून दुसरा घेतला. मेटाक्रिटिकवर समीक्षकांचे पीसीला ८२, आणि खेळणाऱ्यांचे दहापैकी चार-साडेचार. त्यात एका परीक्षणात भरभरून दहा पैकी दहा होते, ते बायोवेअरच्याच कर्मचाऱ्याने लिहिलेलं निघालं.

पुढे लिगसी आणि मार्क ऑफ द असॅसिन हे दोन डीएलसी (नंतर डाउनलोड करायचे छोटे जोडभाग) आले. लिगसीत नवी जागा बनवली होती, लढाया सुधारल्या होत्या. तक्रारी ऐकल्याचं दिसत होतं. 'एक्झॉल्टेड मार्च' नावाचं एक्स्पान्शन बनवायला घेतलं होतं, ते मात्र रद्द केलं. तिसरा भाग, इन्क्विझिशन, आला नोव्हेंबर २०१४ मध्ये. साडेतीन वर्षांहून जास्त वेळ दिला.

शंकासुर_९६

आणि त्यात इतकी मोठी मैदानं दिली की लोक 'हिंटरलँड्स'मध्ये वनस्पती खुडत म्हातारे झाले. गुहा एक म्हणून रडले, तर घे म्हणाले मोकळं रान.

हिशोबी_मांजर

मग माझ्या हिशोबाने तिमाही जिंकली, मालिका पिछाडीला गेली. एक्स्पान्शन रद्द करणं म्हणजे तिथून आणखी पैसे येणार नाहीत हे त्यांनीच मान्य करणं.

ताळेबंद

थोडं सावध व्हा. रद्द करण्यामागे नवं इंजिन, तिसऱ्या भागाला लागणारी माणसं अशीही कारणं असतात. पण पिछाडीला गेली हे मान्य. त्या वर्षीच्या वहीत ते दिसत नाही. पुढच्या भागाच्या वेळी गिऱ्हाईक आधी थांबून दुसऱ्यांची मतं वाचतो तेव्हा दिसतं.

निळा_दगड

मी थांबलो होतो. इन्क्विझिशन आला तेव्हा पहिल्या दिवशी घेतला नाही. ओरिजिन्सनंतर दुसरा भाग डोळे झाकून घेतला होता, हॉस्टेलची मेस एक महिना बंद करून. वडापाववर काढला मार्च.

सुपारी_कातर

काल रविवारी नातू आला होता. त्याला म्हटलं, तो जुना गेम दाखव, ज्याच्यावर लोक भांडतायत. त्याच्याकडे होता. तासभर बघितला. बोटीतून उतरलेली माणसं, दारावर अडवणारा शिपाई, हा भाग चांगला आहे. आई छान बोलते. मग तो गुहेत गेला. मी म्हटलं, 'अरे, इथे मघाशी जाऊन आलास ना?' तो म्हणाला, 'नाही आजोबा, ही वेगळी आहे.' मी म्हटलं, 'हा डावीकडचा खांब बघ.' त्याने बघितला आणि मग पुढची दहा मिनिटं तो लढायचं सोडून खांबच बघत होता.

कर्कवॉलकरीण

काका, तुम्ही त्याचा गेम नासवलात!

सुपारी_कातर

मी कुठे. खांब आधीपासून तिथे होता.

कोपऱ्यातला_पीसी

धाग्याचं नाव बदलत नाही, पण पहिल्या पोस्टमधलं 'ओरिजिन्स चालला म्हणून हाणा' हे वाक्य मागे घेतो. घाई होती. पैशाचीच होती, पण या गेमच्या पैशाची नव्हती. बायोवेअरवर मी बारा-चौदा वर्षं जो राग धरला तो बहुधा चुकीच्या दारावर टाकलेला.

जाता जाता ताजी खबर. हट्टाने खेळतोय. काल रात्री अरिशॉकशी एकट्याने लढलो, तीनदा मेलो, खांबांभोवती गोल गोल पळत शेवटी जिंकलो. बायको म्हणाली, हे काय पकडापकडी चाललीये. आज तिसरा अंक सुरू. वरच्या वाड्यातून बाहेर पडलो, एका बाईने काम दिलं, डोंगरावर गेलो. गुहा तीच. पण या वेळी मी नकाशाकडे न बघता डावीकडे वळलो आणि तिथे दगडी पाटी होती.

लोडशेडिंग

पाटीवर 'काम चालू, रस्ता बंद' लिहिलंय का बघ.